दर तिसरा बाइट ई०: असेंब्लीत स्ट्रिंग सर्च लिहिताना

सुरुवात चिडचिडीतून झाली. माझ्याकडे मजकुराची एक अवाढव्य फाइल आहे, ३ जीबीच्या वर, बरीचशी मराठी आणि मधेमधे इंग्रजी, आणि तिच्यात मी दिवसभर काही ना काही शोधत असते. शोधायला मीच कधीतरी सीमध्ये खरडलेलं एक टूल आहे, आणि ते इतकं हळू होतं की शब्द टाकून मी दुसरी विंडो उघडायचे आणि मग आपण काय शोधत होतो तेच विसरायचे. शेवटी एकदा प्रोफाइलर (कुठल्या फंक्शनला किती वेळ लागतो ते सांगणारं टूल) लावला तर जवळजवळ सगळा वेळ एकाच फंक्शनमध्ये, आणि ते फंक्शन म्हणजे लूपमध्ये लूप, बाहेरचा एकेक बाइट पुढे सरकतोय, आतला शब्द जुळतोय का बघतोय. पहिल्या वर्षाला लिहितात तसलं.

शहाण्या माणसाने सरळ तयार लायब्ररी उचलली असती, मान्य. पण व्हेक्टर इन्स्ट्रक्शन (एका वेळी बऱ्याच बाइटांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा) एकदा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, हाताने लिहून बघायच्या हे बरेच दिवस डोक्यात होतं, म्हटलं हेच निमित्त. बॉयर-मूर, केएमपी वगैरे शोधायच्या पद्धती (दोन्ही १९७७ च्या) वाचलेल्या होत्या, त्यांचा सगळा जोर तुलना कमीत कमी कशा करायच्या यावर, पुढचे बाइट न बघताच उडी कशी मारायची यावर. व्हेक्टरवाल्यांचा हिशोब उलटा, ते म्हणतात तुलना करा की भरपूर, पण एका फटक्यात १६ नाहीतर ३२ करा. ही दांडगाई मला फार आवडली.

आधी मोहात पडून रेपनी स्कॅसबी लिहून बघितलं. इंटेलच्या जुन्या ८०८६ प्रोसेसरच्या काळापासून चालत आलेली इन्स्ट्रक्शन, एका ओळीत बाइट शोधून देते, दिसायला इतकी सुटसुटीत की वाटतं यापेक्षा जलद काय असणार. प्रत्यक्षात ती बाइट-बाइट करत रांगते. कॉपी करणाऱ्या रेप मूव्हएसबीला नव्या प्रोसेसरमध्ये आतून जलद रस्ता करून दिलाय, तसा हिला बहुतेक प्रोसेसरमध्ये दिलेला नाही. अर्ध्या तासात तो नाद सोडला.

मग एसएसई२, १६ बाइटांच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनची मालिका. ही पेंटियम ४ बरोबर २००० साली आली आणि ६४ बिटच्या प्रत्येक एक्स८६ प्रोसेसरवर ती असतेच, त्यामुळे आहे का नाही तपासायची भानगड नाही. कल्पना अशी की शोधायचा बाइट एका १६ बाइटांच्या रजिस्टरच्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणाच्या) सगळ्या घरांत भरून ठेवायचा, मजकुराचे १६ बाइट मूव्हडीक्यूयूने दुसऱ्या रजिस्टरमध्ये आणायचे, आणि पीकम्पईक्यूबीने दोन्ही समोरासमोर लावायची. जिथे जुळलं त्या घरात एफएफ (हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या मोजणीत; सगळे बिट १), नाही तिथे ००. मग पीमूव्हमास्कबी, ही या सगळ्या प्रकारातली माझी लाडकी, ती प्रत्येक घराचा फक्त वरचा बिट उचलते आणि १६ बिटांचा मास्क साध्या रजिस्टरमध्ये आणून ठेवते. मास्क शून्य असेल तर १६ बाइट पुढे. नसेल तर बीएसएफ सांगतं की चढलेला, म्हणजे १ असलेला, पहिला बिट कितवा, तेवढ्या अंतरावर आपला बाइट. सोळा घरांत एकच बाइट भरायला मात्र एसएसई२ मध्ये सरळ इन्स्ट्रक्शन नाही, दोन-तीन शफल करून आडवळणाने भरावा लागतो, पण तो लूपच्या बाहेर एकदाच.

लिहिलं, चाललं, मोजलं. मोजण्यात पहिली फजिती झाली, कारण तुलनेसाठी ठेवलेलं सीचं जुनं फंक्शन शून्य वेळात संपत होतं. शून्य! मी एका सीनियरला उत्साहाने दाखवायला गेले तर तो म्हणाला, "अगं, उत्तर कुठे वापरतेयस का तू? कंपायलरने अख्खा लूपच उडवला असेल." तसंच होतं. उत्तर कुठे छापतच नव्हते, म्हणून ऑप्टिमायझरने ते काम फालतू ठरवून काढून टाकलं होतं, आणि असेंब्लीचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये असल्याने त्याला त्यात हात घालता येत नव्हता, म्हणून माझंच तेवढं खरोखर चालत होतं. ते निस्तरलं तर दुसरं, पहिल्यांदा चालवलं की फाइल डिस्कवरून येते आणि दुसऱ्यांदा मेमरीतून, म्हणजे जे फंक्शन आधी चालवाल ते बदनाम. त्यानंतर नियमच केला की आधी एक फेरी फुकट चालवायची, मग बऱ्याच फेऱ्या करून त्यातली सगळ्यात कमी वेळेची धरायची.

एक संध्याकाळ आरबीएक्समध्ये गेली. ते रजिस्टर वापरलं की परत जाताना होतं तसं ठेवायचं असतं, हे मला पाठ आहे, आणि तरी मी ठेवलं नाही. क्रॅश माझ्या फंक्शनमध्ये झालाच नाही, झाला तो मला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, त्याचा लूपचा काउंटर मी खाल्ला होता. जास्त बोलत नाही.

आता मेमरीच्या काठाची गोष्ट, कारण इथे खरंच काहीतरी शिकले. एका वेळी १६ बाइट वाचायचे तर मजकूर १६ च्या पटीत संपेलच असं नाही. शेवटी ५ बाइट उरले असतील आणि मी १६ वाचले तर ११ बाइट माझे नसलेले वाचले. बहुतेक वेळा काही होत नाही, कारण मेमरीची परवानगी बाइटाबाइटावर नसते, ४०९६ बाइटांच्या पानावर असते, आणि ते ११ बाइट त्याच पानात पडले तर प्रोसेसर हू का चू करत नाही. पण मजकूर बरोबर पानाच्या शेवटी संपला आणि पुढचं पान आपलं नसलं की सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम जागीच बंद. म्हणजे हजार वेळा नीट चालणार आणि हजार एकाव्या वेळी पडणार, तेही भलत्याच माणसाच्या मशीनवर. माझ्या बाबतीत ते माझ्याच मशीनवर झालं हे नशीब, एममॅपने (फाइल थेट मेमरीत मांडून) उघडलेल्या एका फाइलची साइज बरोबर ४०९६ च्या पटीत निघाली म्हणून.

यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे कायम १६ च्या पटीतल्या पत्त्यावरूनच वाचायचं, अशी वाचनं पानाची रेघ कधी ओलांडूच शकत नाहीत कारण ४०९६ ला १६ ने पूर्ण भाग जातो. शेवटी शून्य असलेल्या स्ट्रिंगसाठी हेच करतात, सुरुवातीला थोडं मागे जाऊन वाचतात आणि मास्कमधले आपले नसलेले बिट पुसून टाकतात. दुसरा म्हणजे पत्त्याचे खालचे १२ बिट बघायचे, ते ४०८० पेक्षा मोठे असतील तरच रेघ ओलांडली जाणार, तेवढ्यापुरता हळू रस्ता. मला मजकुराची लांबी माहीत असते, म्हणून मी तिसराच, सगळ्यात आळशी उपाय घेतला: शेवटचा तुकडा अपुरा असेल तर शेवटापासून १६ मागे जाऊन पूर्ण तुकडा वाचायचा. काही बाइट दोनदा तपासले जातात, जाऊ देत. (हे "जाऊ देत" पुढे अंगाशी आलं, सांगते.)

आणि हे तपासायची जी युक्ती सापडली ती मी आता प्रत्येक ठिकाणी वापरते. शेजारी शेजारी दोन पानं मागायची, दुसऱ्या पानाची परवानगी पूर्ण काढून टाकायची, आणि चाचणीचा मजकूर पहिल्या पानाच्या अगदी शेवटाला चिकटवून ठेवायचा. मग लांबी १ पासून २०० पर्यंत, शोधायचा शब्द प्रत्येक जागी ठेवून फंक्शन चालवायचं. एक बाइट जरी जास्त वाचला तरी जागेवर सेगफॉल्ट. पहिल्या दिवशी पाच बग निघाले, त्यातले तीन मला "हे तर बरोबरच आहे" वाटत होते.

मधे एक आठवडा पीकम्पइस्ट्रायच्या नादात गेला. एसएसई४.२ मधली ही इन्स्ट्रक्शन, इंटेलच्या नेहालेमबरोबर २००८ ला आली, आणि ती खास स्ट्रिंगसाठीच बनवलेली. एका रजिस्टरमध्ये शब्द, दुसऱ्यात मजकूर, आणि ती एका झटक्यात सांगते शब्द कुठे सुरू होतोय. मॅन्युअल वाचून मी खुर्चीवरून उठलेच, म्हटलं संपलं काम. मग एकेक गोष्ट कळत गेली. शून्य बाइट आला की ती मजकूर संपला समजते, आणि माझ्या फाइलमध्ये कचरा म्हणून शून्य होते. लांबी सांगता येणारी तिची बहीण आहे, ती आणखी हळू. शब्द १६ बाइटांतच बसवायचा, म्हणजे देवनागरीची जेमतेम पाच चिन्हं, काना-मात्रा धरून. आणि मुख्य म्हणजे एकेका उत्तराला तिला १० सायकलच्या (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांच्या) आसपास लागतात, तेवढ्यात तुलना-मास्कवाली साधी जोडी कितीतरी तुकडे पुढे गेलेली असते. खास कामासाठी बनवलेली इन्स्ट्रक्शन साध्या दोघींकडून हरते, हे पचायला वेळ लागला, मी तीनदा मोजलं.

तर परत साध्या जोडीवर, पण आता एव्हीएक्स२, म्हणजे ३२ बाइटांची रजिस्टरं. इंटेलकडे ही २०१३ च्या हॅसवेलपासून आहेत. इथे बाइट सगळ्या घरांत भरायला सरळ एक इन्स्ट्रक्शन आहे, आणि सोबत टीझेडकाउंट आणि बीएलएसआर मिळतात, पहिली चढलेला पहिला बिट सांगते, दुसरी तो पुसते. टीझेडकाउंटची एक गंमत म्हणजे तिचं कोडिंग असं आहे की जुन्या प्रोसेसरला ती बीएसएफच दिसते, क्रॅश होत नाही, फक्त मास्क शून्य असताना उत्तर वेगळं येतं. असले बग शोधायला देव लागतो. आणि फंक्शनमधून बाहेर पडताना व्हीझिरोअपर विसरू नका, नाहीतर पुढे जुना एसएसईचा कोड लागला की काही प्रोसेसर मधेच अडखळतात आणि दोष भलत्याच फंक्शनवर जातो.

फक्त पहिला बाइट शोधला तर उगाच उमेदवार फार मिळतात, म्हणून जाणकार लोक पहिला आणि शेवटचा असे दोन बाइट धरतात. मजकूर दोनदा वाचायचा, एकदा सध्याच्या जागेवरून आणि एकदा शब्दाच्या लांबीपेक्षा एकने कमी इतकं पुढे जाऊन, दोन्हींची आपापल्या बाइटशी तुलना, मग अँड, मग मास्क. आता बिट तिथेच चढणार जिथे पहिलाही जुळतो आणि शेवटचाही. तिथेच फक्त अख्खा शब्द ताडून बघायचा. दुसरं वाचन कुठल्याही पटीत नसतं, त्यामुळे सहसा दर दुसऱ्या वेळी ते ६४ बाइटांच्या कॅश लाइनची (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीतल्या एका तुकड्याची) रेघ ओलांडतं, पण त्याचा भुर्दंड सोसण्याइतका फायदा होतो.

चाचण्या इंग्रजी शब्दांवर चालल्या होत्या आणि आकडे बघून मी हवेत. जुन्या लूपच्या मानाने काहीच्या काही जलद. इतकं की मोठी फाइल घेतली की एसएसई२ आणि एव्हीएक्स२ सारखेच पळायला लागले, कारण प्रोसेसर आता मेमरीची वाट बघत बसत होता, रजिस्टर १६ चं असो की ३२ चं. कॅशमध्ये मावणाऱ्या लहान तुकड्यावर मोजलं तरच फरक दिसायचा. मला वाटलं झालं, याच्या पुढे भिंतच आहे.

मग मी पहिल्यांदा मराठी शब्द टाकला. "पावसात". आणि फंक्शन बसलंच. जुन्या लूपपेक्षा बरं, पण इंग्रजीच्या जवळपासही नाही. त्याच फाइलवर, तोच कोड.

अर्धा दिवस मी असेंब्लीत चूक शोधत होते, आणि चूक तिथे नव्हतीच. शेवटी शब्दाचे बाइट कागदावर लिहून काढले तेव्हा डोक्यात उजेड पडला. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पहिला बाइट कायम ई०. दुसरा ए४ नाहीतर ए५. वेगळेपण असतं ते काय ते तिसऱ्या बाइटात. क म्हणजे ई० ए४ ९५, र म्हणजे ई० ए४ बी०, काना म्हणजे ई० ए४ बीई. आणि मी "पहिला बाइट" म्हणून काय शोधत होते, तर ई०! नुसती देवनागरी असेल तर ३२ बाइटांच्या प्रत्येक तुकड्यात तो १० किंवा ११ वेळा असतो. गर्दीत एखाद्याला शोधताना खूण म्हणून "त्याला दोन डोळे आहेत" सांगण्यातला प्रकार.

बरं, शेवटचा बाइट तरी चाळणी लावेल ना? "पावसात" चा शेवट त ने. त चा युनिकोड क्रमांक यू+०९२४, म्हणजे ई० ए४ ए४. बघा, तिसरा बाइटही ए४. म्हणजे जो बाइट बहुतेक चिन्हांच्या दुसऱ्या घरात पडलेला असतो तोच माझा शेवटचा. सलग देवनागरी असती तर एक वेळ निभावलं असतं, कारण ई० वर सुरू करून १७ बाइट पुढे गेलं की आपण नेहमी कुठल्या तरी चिन्हाच्या तिसऱ्या बाइटावरच पडतो, आणि तिथे ए४ म्हणजे बहुतेक त. पण मधे एक स्पेस आली, आणि १८ बाइटांत ती बऱ्याचदा येते, की सगळं एका घराने सरकतं आणि आपण दुसऱ्या बाइटावर पडतो, जिथे व्यंजन असलं की ए४ हा ठेवलेलाच. स्पेसला एकच बाइट लागतो या एवढ्याशा गोष्टीने माझी चाळणी फाटली होती. मास्क शून्य येतच नव्हता, प्रत्येक तुकड्यात उमेदवार, प्रत्येक उमेदवाराला मेमकम्पचा (बाइट ताडून बघणाऱ्या सीच्या तयार फंक्शनचा) कॉल, आणि वरून कोड पुढे कुठल्या फाट्याने जाणार याचा प्रोसेसरचा अंदाज चुकला की १५-२० सायकल पाण्यात.

पण एकदा कारण कळल्यावर उपाय असेंब्लीत फार मोठा नव्हता. पहिला आणि शेवटचाच बाइट धरायला कोणी सांगितलंय? शब्दातले कुठलेही दोन धरा, त्यांचं शब्दातलं अंतर माहीत असलं की झालं. फक्त ते दोन दुर्मिळ असले पाहिजेत. रस्ट या भाषेच्या मेमसीएचआर लायब्ररीत असंच आहे, तिथे कुठला बाइट किती नेहमीचा याचा एक पक्का तक्ता ठेवलाय आणि शब्दातले त्यातल्या त्यात दुर्मिळ बाइट निवडतात. मी तक्ता आधीच ठरवून ठेवायच्या भानगडीत पडले नाही, शोधायच्या आधी फाइलचे पहिले ६४ केबी घेऊन २५६ खान्यांत मोजणी करते, आणि शब्दातले सगळ्यात कमी मोजणीचे दोन बाइट उचलते. मोजणी साध्या सीमध्ये आहे, तिला लागणारा वेळ ३ जीबीपुढे चिल्लर.

हा तक्ता छापून बघण्यात मी एक अख्खी दुपार घालवली, कामाचं काही नव्हतं पण मजा आली. ई० सगळ्यात वर, अर्थातच. काना आणि हलन्त वरच. ए४ मध्ये त आपोआप बुडालेला, त्यात दंडसुद्धा आहे, कारण दंड म्हणजे ई० ए५ ए४. एकाच तिसऱ्या बाइटाचे दोन-दोन मालक निघाले: ८७ म्हणजे इ पण आणि मात्रा पण, ए६ म्हणजे द पण आणि शून्याचा आकडा पण, ८२ म्हणजे दीर्घ ऊकार पण आणि अनुस्वार पण. "झुळूक" शोधायला दिलं तर निवड झाली झ आणि ळ, म्हणजे ९डी आणि बी३, आणि बाकीचे सगळे सोडून दिले. आपण डोळ्याने तो शब्द पानावर शोधताना पण बहुतेक झ आणि ळ च शोधू.

हे बसवल्यावर मराठी शब्द इंग्रजीच्या बरोबरीने पळायला लागले. "तो", "की" असले शब्द सोडून, तिथे दुर्मिळ काही नसतंच आणि खरे सापडणारेच इतके असतात की चाळणी काय करणार. मेमकम्पचा कॉल पण काढला, उमेदवार मिळाला की आधी चारच बाइट एका तुलनेत ताडून बघते, बहुतेक खोटे तिथेच गळतात. चार तुकड्यांची तुलना एकत्र ऑर करून १२८ बाइटांमागे एकच मास्क काढायचा प्रकारही केला, तो आधी ई० मुळे निव्वळ कुचकामी ठरला होता, आता त्याने खरंच थोडा वेग दिला. लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ देवनागरीत नाही ही एक मेहेरबानी.

आता ते "जाऊ देत". टूलमध्ये शब्द किती वेळा आला ते मोजायची सोय आहे, आणि एका फाइलमध्ये आकडा एकने जास्त येत होता. एकच फाइल, एकच शब्द. तर तो शब्द फाइलच्या शेवटाजवळ होता, आणि शेवटचा तुकडा मी मागे सरकून वाचते ना, तो आधीच्या तुकड्यातही पूर्ण बसला होता आणि या तुकड्यातही, म्हणून दोनदा मोजला. पहिला सापडला की थांबायचं असतं तेव्हा या चुकीने काहीच बिघडत नाही, म्हणून पानांच्या काठाच्या सगळ्या चाचण्यांतून ती सुखरूप निसटली. आता मागे सरकल्यावर मास्कमधले तपासून झालेले बिट शिफ्ट करून काढून टाकते. एक इन्स्ट्रक्शन.

एवढं झाल्यावर मी टूल त्या सीनियरला वापरायला दिलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप, "'दुसऱ्या' हा शब्द तुझं टूल अर्ध्या ठिकाणी दाखवतच नाही. समोर दिसतोय मला." मी म्हटलं अशक्य, आणि सगळ्या चाचण्या परत चालवल्या, सगळ्या पास. मग त्याने फाइलमधून उचलून दोन "दुसऱ्या" पाठवले. स्क्रीनवर हुबेहूब सारखे. बाइट मोजले तर एक २१ चा, एक २४ चा. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, ई० ए४ बी१. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचं अदृश्य चिन्ह), ई२ ८० ८डी, आणि मग या. कीबोर्ड वेगळा, टाइप करणारा वेगळा, दिसणारा आकार तोच. माझ्या फंक्शनने काही चुकवलं नव्हतं, मी दिलेले २१ बाइट त्या जागी नव्हतेच, आणि नाहीत हे त्याने फार वेगाने सांगितलं होतं.

शोधायला लागल्यावर असे आणखी निघाले. ॲ एकच चिन्ह म्हणून, आणि अ वर वेगळी चंद्र देऊन. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ. यातला नुक्तावाला युनिकोडच्या ठरलेल्या एनएफसी रूपात आणला की एक होतो, पण झेडडब्ल्यूजेवाला आणि चंद्रवाला त्यातही वेगळेच राहतात, त्यांचे नियम हाताने लिहावे लागले. प्रत्येक शोधाला शब्दाची सगळी रूपं करून तितक्या फेऱ्या मारायच्या, की फाइलच एकदा धुऊन एका रूपात आणायची, यावर बराच विचार केला आणि फाइल धुवायचं ठरवलं. धुणारा प्रोग्रॅम सीमध्येच लिहिला, एकेक बाइट पुढे सरकणारा लूप, आत बदलायचे नियम, व्हेक्टर-बिक्टर काही नाही. नवा मजकूर आला की तेवढ्यावर एकदा चालतो. तो चालू असतो तेव्हा मी दुसरी विंडो उघडते.